‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वृत्तसंस्थेचा संपादक बदलला किंवा एखादा नामांकित वृत्तनिवेदक एका वाहिनीतून दुसरीकडे गेला, की त्याची बातमी होते आणि तिच्यावर चार दिवस चर्चाही रंगते. त्याच संस्थेच्या प्रक्षेपण-तंत्रज्ञान विभागाची धुरा कोणाकडे सोपवली गेली, हे मात्र कार्यालयातल्या परिपत्रकापलीकडे सहसा जात नाही. वाहिन्यांच्या नियंत्रणकक्षांत पंचवीसहून अधिक वर्षे काढलेला एक निवृत्त अभियंता म्हणून मला या उदासीनतेबद्दल काही लिहायचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या विभागाच्या नेतृत्वमंडळात ज्याने स्वतः बातमीपत्र काढले आहे असा निदान एक माणूस असला पाहिजे, आणि नवी यंत्रणा तयार नसेल तेव्हा ‘थांबा’ म्हणण्याचा लेखी अधिकार त्याच्याकडे असला पाहिजे. सल्लागार समितीतली एक खुर्ची त्यासाठी पुरेशी नाही.

प्रेक्षकाला या विभागाचे अस्तित्व जाणवते ते तो कोलमडल्यावरच. २० जून २०१७ रोजी बीबीसीच्या रात्री दहाच्या बातमीपत्राची वेळ झाली, दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला आणि निवेदक सुमारे चार मिनिटे काही न बोलता, टेबलावरचे कागद चाळत बसून राहिल्याचे प्रेक्षकांनी पाहिले. तांत्रिक यंत्रणा कोसळली होती. दुसऱ्या दिवशी लोक त्या दृश्यावर हसले. नियंत्रणकक्षात आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र ती चार मिनिटे पाहताना घाम फुटतो, कारण त्या वेळी पडद्यामागे किती जण एकाच वेळी ओरडत असतील याची त्याला कल्पना असते.

हा विभाग नेमके काय करतो, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. बातमीपत्राचा कणा म्हणजे रनडाऊन, अर्थात कोणती बातमी कितव्या क्रमांकावर, किती सेकंदांची, तिच्यासोबत कोणते दृश्य, पडद्यावर कोणती अक्षरपट्टी आणि कोणाचा बाईट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, जाणार याचा तक्ता. पूर्वी तो कागदावर असे आणि शेवटच्या क्षणी बदल झाला की कोणीतरी जिन्यावरून धावत खाली जाई. आता तो न्यूजरूमच्या संगणकप्रणालीत असतो. उपसंपादकाने तिथे एक ओळ बदलली की टेलिप्रॉम्प्टर, ग्राफिक्सचे यंत्र आणि दृश्ये सोडणारा सर्व्हर या सर्वांना तो बदल त्याच क्षणी कळावा लागतो. प्रत्येक निवेदकाचा वाचनाचा वेगदेखील या प्रणालीत नोंदलेला असतो. त्यावरून मजकुराची लांबी सेकंदांत मोजली जाते आणि बातमीपत्र वेळेपेक्षा किती लांबते आहे अथवा किती आखूड पडते आहे, हे निर्मात्याला सतत दिसत राहते. वाचनाचा वेग ही बाब वरवर क्षुल्लक वाटते. पण ती प्रणालीत असायला हवी हे सुचण्यासाठी, शेवटच्या वीस सेकंदांत दोन बातम्या कापाव्या लागलेला माणूस आराखड्याच्या वेळी खोलीत हजर असावा लागतो.

असा माणूस नेतृत्वात असला की काय होते, याची उदाहरणे या क्षेत्राच्या आरंभापासून सापडतात. बीबीसीचे पहिले मुख्य अभियंता पीटर एकर्सली हे त्याआधी मार्कोनी कंपनीत होते आणि १९२२ साली इंग्लंडमधील रिटल येथील एका झोपडीवजा लाकडी खोलीतून आठवड्यातून एकदा होणारे प्रयोगात्मक नभोवाणी प्रक्षेपण त्यांच्या हाती होते. तिथे ते यंत्र तर सांभाळतच, शिवाय स्वतः मायक्रोफोनपुढे उभे राहून श्रोत्यांशी गप्पा मारत, विनोद करत. मुख्य अभियंता झाल्यावर त्यांनी डॅव्हेन्ट्रीचे दीर्घलहरी केंद्र उभारले, जे १९२५ मध्ये सुरू झाले, आणि प्रत्येक प्रदेशातील श्रोत्याला एकाऐवजी दोन कार्यक्रमांतून निवड करता यावी अशी योजना आखली. श्रोत्याला निवड हवी असते, हा विचार निव्वळ प्रक्षेपकाच्या शक्तीची गणिते मांडून सुचत नाही. (पुढे १९२९ मध्ये घटस्फोटाच्या प्रकरणावरून त्यांना ते पद सोडावे लागले. त्या निर्णयामागच्या सोवळेपणाबद्दल न लिहिलेलेच बरे.)

दुसरे उदाहरण असोसिएटेड प्रेसचे, म्हणजे १८४६ साली न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांनी सहकारी तत्त्वावर सुरू केलेल्या एपी या संस्थेचे. केंट कूपर हे मूळचे इंडियानातले बातमीदार. लहान गावांतल्या वृत्तपत्रांना तारेऐवजी दूरध्वनीवरून बातम्या सांगण्याची स्वस्त पद्धत त्यांनी बसवली होती. १९१० मध्ये एपीत आल्यावर ते वाहतूक विभागाचे, म्हणजे बातम्या वाहून नेणाऱ्या तारांच्या सगळ्या जाळ्याचे, प्रमुख झाले आणि १९२५ मध्ये महाव्यवस्थापक. तारेवरून छायाचित्रे पाठवण्याची सेवा सुरू करण्याचा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा सदस्य वृत्तपत्रांच्या काही बड्या मालकांनी खर्चाचे कारण पुढे करून कडाडून विरोध केला. कूपर मागे हटले नाहीत. १ जानेवारी १९३५ रोजी ‘वायरफोटो’ नावाच्या या सेवेवरून पहिले छायाचित्र गेले ते ॲडिरॉन्डॅक पर्वतराजीतील विमान अपघाताचे. बातमी आणि तार या दोन्हींचा अनुभव एकाच माणसाच्या ठायी असल्यामुळे त्यांना हेही माहीत होते की, दिवसभराने टपालाने आलेले छायाचित्र संपादकाच्या दृष्टीने शिळे असते, आणि हेही की ते वाहून नेण्याची ताकद तारेत आता आलेली आहे.

याच एपीच्या प्रक्षेपण-तंत्रज्ञान विभागाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीबीसीसाठी ‘ईएनपीएस’ ही न्यूजरूम प्रणाली घडवली आणि पुढे ती जगभरातील कितीतरी वाहिन्यांना विकली. वृत्तसंस्थेने बातम्यांसोबत सॉफ्टवेअर विकावे, हे त्या काळी अनेकांना विचित्र वाटत होते. माझ्या मते यशाचे रहस्य त्या विचित्रपणातच होते. ही प्रणाली बनवणारा विभाग एका वृत्तसंस्थेच्या छताखाली होता, तिथली न्यूजरूम रात्रंदिवस जागी होती आणि ‘हे बटण इथे का?’ असे विचारायला येणारे लोक त्याच संस्थेचे होते. त्याहून महत्त्वाचे काम १९९८ पासून आकाराला आले. न्यूजरूमची प्रणाली आणि ग्राफिक्स, सर्व्हर, प्रॉम्प्टर अशी वेगवेगळ्या उत्पादकांची यंत्रे यांनी एकमेकांशी एकाच भाषेत बोलावे, यासाठी ‘एमओएस’ हा संवादनियम तयार झाला. त्यात एपीच्या लोकांनी पुढाकार घेतला आणि प्रतिस्पर्ध्यांनाही सोबत घेतले. त्या नियमात दोन यंत्रांनी परस्परांना ठरावीक काळाने ‘मी जिवंत आहे’ असे कळवण्याचा एक छोटा संदेश आहे आणि त्याचे नावच हृदयाचा ठोका असे आहे. आपले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या यंत्रालाही सहज जोडले जाईल अशी सोय स्वतःहून करून देणे व्यापारी बुद्धीला पटणारे नाही. ते पटवून देण्यासाठी, प्रक्षेपण सुरू असताना दोन कंपन्यांचे प्रतिनिधी दूरध्वनीवर एकमेकांकडे बोट दाखवत बसले की काय हाल होतात, हे अनुभवलेले नेतृत्व लागते.

अशा विभागाच्या नेतृत्वमंडळात उत्पादनप्रमुख असतो, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा प्रमुख असतो, विक्रीप्रमुख असतो, प्रशिक्षण पाहणारा असतो आणि ग्राहकसाहाय्याचा प्रमुख असतो. या सर्वांत मी सर्वाधिक वजन शेवटच्या पदाला देईन. पहाटे अडीचला दूरध्वनी वाजतो, पलीकडचा माणूस घाबरलेला असतो, त्याचे बातमीपत्र तीन वाजता असते आणि त्याला तोपर्यंत उत्तर हवे असते. हे दूरध्वनी वर्षभर ऐकलेल्या माणसाला प्रणालीतली प्रत्येक दुबळी जागा ठाऊक असते. तरीही पुष्कळ संस्थांत त्याचे आसन टेबलाच्या टोकाला असते आणि पुढच्या आवृत्तीत काय यावे हे ठरवताना त्याचा शब्द विक्रीप्रमुखाच्या शब्दानंतर येतो. ही मांडणी उलटी आहे.

आता दुसरी बाजू. ज्या बीबीसीसाठी ईएनपीएस घडली, त्याच बीबीसीने २००४ मध्ये आपली तंत्रज्ञान कंपनी सीमेन्सला विकली आणि तिच्याशीच दीर्घ मुदतीचा सेवाकरार केला. २००८ मध्ये ‘डिजिटल मीडिया इनिशिएटिव्ह’ या नावाने एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प सीमेन्सकडे सोपवण्यात आला. टेप हद्दपार करून चित्रणापासून संग्रहापर्यंतचे सारे काम कर्मचाऱ्याच्या संगणकावर आणावे, असा त्याचा हेतू होता. हा प्रकल्प फक्त वृत्तविभागाचा नव्हता, सगळ्या कार्यक्रमनिर्मितीचा होता. २००९ मध्ये करार संपुष्टात आला आणि काम संस्थेच्या स्वतःच्या हाती आले. मे २०१३ मध्ये नव्या महासंचालकांनी तो प्रकल्पच गुंडाळला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्यावर १२ कोटी ५९ लाख पौंड खर्च झाले आणि वसूल होण्याजोगे वजा जाता ९ कोटी ८४ लाख पौंड पाण्यात गेले. त्याआधी, एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर यांचे निधन झाले, तेव्हा संग्रहातील टेपा टॅक्सीने आणि भुयारी रेल्वेने लंडनभर वाहून न्याव्या लागल्याचे वृत्त ब्रिटिश वृत्तपत्रांनी दिले होते.

मला या प्रकरणात रकमेपेक्षा एका निष्कर्षाने अधिक अस्वस्थ केले. संपूर्ण प्रकल्पाची जबाबदारी ज्याच्यावर यावी असा एकच वरिष्ठ उत्तरदायी अधिकारी नेमलाच गेला नव्हता, असे लेखापरीक्षकांना आढळले. तंत्रज्ञान विभाग आपले काम करत होता, कार्यक्रमनिर्मितीचे लोक आपले काम करत होते, मधल्या दुव्याचा मालक कोणी नव्हता. निर्मितीच्या लोकांना हे साधन प्रत्यक्ष कामात वापरता येते आहे का, हा प्रश्न वेळेवर आणि अधिकाराने विचारणारा कोणी असता, तर प्रकल्प पहिल्या दोन वर्षांतच थांबला असता किंवा सुधारला असता. शेवटी मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याला पदावरून काढण्यात आले आणि २०१४ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने ती बडतर्फी अन्याय्य ठरवली. घोड्यावर कोण बसले आहे हे ठरलेले नसले, की पडल्यावर लगाम ज्याच्या हाती सापडेल त्याला दोष दिला जातो.

माझ्या स्वतःच्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. संस्थेचे नाव घेत नाही. नवी न्यूजरूम प्रणाली एका ठरावीक तारखेला सुरू करायचीच, असा वरून आदेश आला होता. ती तारीख जाहिरात विभागाला आणि यंत्र विकणाऱ्या कंपनीला सोयीची होती, आणि नेमके त्याच दिवशी मोठ्या बातमीचा ओघ येणार हे वृत्तविभागाला महिनाभर आधी माहीत होते. आम्ही दोघा-तिघांनी आठवडाभर पुढे ढकलण्याची विनंती केली. तंत्रज्ञानप्रमुख सुशिक्षित, सभ्य गृहस्थ होते, बँकिंग क्षेत्रातून आले होते, आणि त्यांनी अत्यंत शांतपणे सांगितले की चाचणीचे सगळे निकष पूर्ण झाले आहेत. ते खोटे बोलत नव्हते. फक्त त्या निकषांत एकाच वेळी चाळीस माणसे एकाच रनडाऊनमध्ये घुसून फेरफार करत आहेत, ही परिस्थिती नव्हती. संध्याकाळी सातच्या बातमीपत्राला अकरा मिनिटे असताना रनडाऊन गोठला. आमच्या एक ज्येष्ठ निर्मात्या होत्या, त्यांना आम्ही सगळे ताई म्हणत असू. दर अर्ध्या तासाने रनडाऊन छापून घेण्याची त्यांची जुनी खोड होती. कागद वाचवण्यासाठी त्या मजल्यावरचा प्रिंटर काढून टाकल्यावर त्या लेखाविभागात जाऊन छापून आणत आणि त्यावरून त्यांची थट्टाही होई. त्या संध्याकाळी तेच बातमीपत्र कागदावरून गेले. निवेदकाने कागद पाहून वाचले, ताईंनी क्रमांक पुकारले, आम्ही दृश्ये हाताने सोडली. बाहेर कोणाला काही कळले नाही. नंतर झालेल्या बैठकीत यंत्रणेच्या दोषांची यादी वाचली गेली, आणि तारीख बदलण्याचा अधिकार कोणाकडे होता हा प्रश्न विषयपत्रिकेवर आलाच नाही.

हा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे, कारण बिघाडाचे उगमस्थान आता अनेकदा संस्थेच्या भिंतींच्या आत नसतेच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्यात ब्रिटनची स्काय न्यूज वाहिनी सकाळी काही तास थेट प्रक्षेपण करू शकली नाही आणि परत आली तीही नेहमीच्या ग्राफिक्सशिवाय, मर्यादित साधनांनिशी. सुरक्षेचे सॉफ्टवेअर कधी आणि कोणत्या यंत्रांवर आधी चढवायचे, प्रक्षेपणाच्या साखळीतली यंत्रे त्यातून वेगळी ठेवायची का, हे निर्णय पूर्वी संगणक विभागाचे किरकोळ काम समजले जात. आता ते वाहिनी चालू राहील की नाही याचे निर्णय आहेत, म्हणून ते नेतृत्वमंडळाच्या टेबलावर यायला हवेत.

८ एप्रिल २०१५ च्या रात्री फ्रान्सच्या टीव्ही५ मोंद या दूरचित्रवाणी संस्थेवर झालेला सायबर हल्ला याहून बोलका आहे. काही मिनिटांत तिच्या बाराही वाहिन्या काळ्या पडल्या. महासंचालक ईव्ह बिगो यांनी नंतर सांगितले की, त्याच दिवशी एक नवी वाहिनी सुरू झाल्यामुळे तंत्रज्ञ योगायोगाने कार्यालयात हजर होते. त्यांच्यापैकी एकाने हल्ल्याचे केंद्र असलेले यंत्र शोधून इंटरनेटपासून तोडले, म्हणून संपूर्ण संस्था उद्ध्वस्त होण्यापासून वाचली. त्या तंत्रज्ञाने वरिष्ठांच्या सहीची वाट पाहिली असती तर काय झाले असते, याचा विचार करावा. अशा क्षणी तार ओढण्याचा अधिकार पाळीवरच्या माणसाला आधीच दिलेला असणे आणि त्याने ती ओढली म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्यावर खुलाशाची नोटीस न येणे, ही नेतृत्वाची कामगिरी असते. ती नोटीस आलेली मी पाहिली आहे, अर्थात वेगळ्या ठिकाणी आणि कितीतरी लहान कारणासाठी.

या विभागाने पैसा कमवावा की नाही, हाही मुद्दा आहेच. रॉयटर्सने १९६४ मध्ये ‘स्टॉकमास्टर’ आणि १९७३ मध्ये ‘मॉनिटर’ या सेवांतून बाजारभाव इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यायला सुरुवात केली आणि त्या उत्पन्नाच्या जोरावर एकेकाळची चणचणीतली वृत्तसंस्था १९८४ मध्ये शेअर बाजारात उतरण्याइतकी श्रीमंत झाली. तंत्रज्ञानाने बातमीला पोसले, हे खरे. मात्र ज्या विभागाचे उत्पन्न बाहेरच्या ग्राहकांकडून येऊ लागते, त्याचे कान हळूहळू बाहेरच लागतात आणि घरच्या न्यूजरूमची तक्रार पुढच्या तिमाहीवर ढकलली जाते. त्याला उपाय म्हणून विभागाला कमावण्यापासून रोखण्याची गरज नाही. घरच्या वृत्तसंपादकाला नेतृत्वमंडळात पहिल्या ग्राहकाचा दर्जा आणि मत असले, तरी पुरे.

माझ्या या सूचनेवर माझे काही अभियंते मित्र एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. ते म्हणतील, पत्रकारांच्या हाती ‘थांबा’चा अधिकार दिला तर काहीच नवे येणार नाही, कारण त्यांना आजची प्रणाली बदललेली कधीच नको असते आणि ती येऊन दहा वर्षे झाली की तिच्यासारखी दुसरी नव्हती असे तेच म्हणतात. हे मी स्वतः अनुभवले आहे. वायरफोटोला विरोध करणारेही वृत्तपत्रांचेच मालक होते. म्हणून मी हा अधिकार साऱ्या वृत्तविभागाला मागत नाही. बातमीपत्र काढलेला आणि आता तंत्रज्ञानाच्या निकालांना स्वतः उत्तरदायी असलेला एक माणूस, ‘थांबा’ म्हणताना कारण आणि नवी तारीख लेखी देण्याचे बंधन, आणि दुसऱ्यांदा थांबवायचे असल्यास मुख्य संपादकाची संमती, एवढ्या अटी घातल्या की हा अधिकार हट्टाचे साधन होत नाही. केंट कूपर तारखात्याचे प्रमुख होते म्हणून बातमी विसरले नव्हते, आणि बातमीदार होते म्हणून नव्या यंत्राला घाबरलेही नव्हते. अशी माणसे दुर्मीळ असतात हे मान्य. पण ती घडवण्यासाठी कनिष्ठ अभियंत्याला सहा महिने बातमीच्या टेबलावर आणि तरुण निर्मात्याला तेवढेच दिवस मास्टर कंट्रोलमध्ये, म्हणजे प्रक्षेपण बाहेर सोडणाऱ्या मुख्य नियंत्रणकक्षात, बसवणे कोणत्याही संस्थेला परवडते. माझ्या पाहण्यात हे फार थोड्यांनी केले.

संपादक महोदय, आपल्या पानांवर वाहिन्यांच्या संपादकांच्या आणि निवेदकांच्या मुलाखती आम्ही आवडीने वाचतो. कधीतरी एखाद्या वृत्तसंस्थेच्या प्रक्षेपण-तंत्रज्ञान प्रमुखाचीही मुलाखत घ्यावी, ही विनंती. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आणि नव्या स्टुडिओबद्दल ते आपणहून बोलतीलच. त्यांना दोनच प्रश्न आवर्जून विचारावेत : तुमच्याकडे ठरलेली तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो त्यांनी शेवटचा कधी वापरला?

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रक्षेपण अभियंता